कापशीची राहिलेली घरं

कसबा बावड्यात कारखान्याचा बॉयलर पेटला की हवेत मळीचा आंबूस-गोड वास भरतो आणि दिलदार नदाफाच्या दुकानात माणसांची ये-जा वाढते. थंडी पडली की लोकांना आपल्या गाद्यांतली ढेकळं टोचायला लागतात. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या खोलीत कापसाचा ढीग. त्याच ढिगात यंदा कापशीनं दोन पिलं घातली.

कापशी ही नजीराची मांजर. अंगानं पांढरी, शेपटीच्या टोकाला तेवढा राखी गोंडा. नजीरा आणि दिलदारला मूल झालं नाही. लग्नाच्या वर्षी दिलदारनं हौसेनं आढ्याला पाळण्याची कडी ठोकली होती. पुढं तिला कंदील लटकला, मग उशांच्या खोळींचं गाठोडं. कडीचा विषय दोघांनी कधी काढला नाही. पिलं झाली त्या दिवशी मात्र नजीरानं गाठोडं खाली उतरवलं, जुन्या चादरीची झोळी केली आणि कडीला बांधली.

"मांजराच्या पोरांस्नी झोळी!" दिलदार हसला. "उद्या बारसं घालशील."

"घालीन की. तुमास्नी घुगऱ्या पायजेत का न्हाई ते सांगा."

पांढऱ्या बोक्याचं नाव ठेवलं बोंडू आणि काळसर भाटीचं सरकी. कापसाच्या घरात आणखी कोणती नावं ठेवणार?

मांजर आपल्या पिलांना सात घरं दाखवतं, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. जबड्यात मानगूट धरून एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. नजीराची आई म्हणायची, ज्या पिलानं सात घरं बघितली नाहीत त्याला आपलं घर कळत नाही. ते दारोदार हिंडतं आणि वाटेवरच संपतं. कापशीनंही रीत धरली. पहिलं घर कापसाचा ढीग. मग शेजारच्यांचं पत्र्याचं छप्पर, मग गिरणीची मागची खोली, मग चिमणाबाईच्या माळ्यावरचं शेणकुटांचं खोपटं. चार घरं झाली. पाचव्याच्या आधी रस्ता होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. त्या सकाळी तिच्या तोंडात पिलू नव्हतं, ती एकटीच पुढचं घर बघायला निघाली होती. ट्रॉलीवाला थांबलाही नाही. त्याला तरी काय कळणार, चाकाखाली कापूस आला का काय ते.

नजीरा चिमणाबाईच्या माळ्यावर चढली आणि दोन्ही पिलं पदरात घालून खाली आली. शेळीचं दूध कोमट करून, कापसाच्या वातीनं ती त्यांच्या ओठांत सोडायची. पिलं वात चोखायची, वातीचा धागा दातांत अडकला की शिंकायची. झोळीला झोका देता देता तिच्या तोंडी ओव्या यायच्या. तिची आई जात्यावर बसली की असंच आपलं आपण रचायची. नजीराचं जातं कधीच गेलं होतं, चाल तेवढी उरली होती.

*पहिलं माझं घर, तिथं चुलीपाशी ऊब*
*बाळ माझं कापसाचं, त्याला थंडी लागं खूब*

*दुसरं माझं घर, तिथं दुधाची गं वाटी*
*बाळ माझं कापसाचं, त्याची मिशी दुधाकाठी*

तिसरं झालं, चौथं झालं. पाचव्याला तिचा आवाज अडायचा. पाचवं घर कापशीनं कुठं दाखवलं होतं?

एकदा शाहूपुरीतल्या जनावरांच्या डॉक्टर प्रीती कांबळे गादी पिंजून घ्यायला दुकानात आल्या आणि कापसात हात घालताच बोंडूनं त्यांचं बोट धरलं. "अरे, हा कोण?" म्हणत त्यांनी त्याचे कान बघितले, दात बघितले, पोट दाबून बघितलं. जाताना म्हणाल्या, "चाची, दोघांना घेऊन दवाखान्यात या. लशीचं वय झालंय."

नजीराला ते काही पटलं नाही. तरी आई नसलेली पोरं, म्हणून ती गेली. टोपलीत जुनी उशी, उशीवर पिलं, वरून ओढणी. दवाखान्यात सुई बघताच ती टोपलीवर आडवी झाली.

"एवढ्याशा जिवाला एवढी सुई? इकडनं आत जाईल आन् तिकडनं बाहेर निघंल की वो!"

"चाची, केसाएवढी आहे ती. बघा तर खरं."

"पर ही घरातनं भाईर जात न्हाईत. त्यांस्नी कुठला रोग लागतोय?"

"ती जात नाहीत, पण तुम्ही जाता ना? तुमची चप्पल जाते, पदर जातो. मांजरांचा एक जुलाब-उलटीचा आजार आहे, फार वाईट. तो माणसाच्या चपलेवर बसूनसुद्धा घरात येतो. लहान पिलू त्यातून क्वचितच वाचतं."

"आन् लशीनंच काय झालं तर?"

डॉक्टरनी सिरिंज बाजूला ठेवली. हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारायचं, पण त्या घाई करत नसत. "आज-उद्या जरा मलूल राहतील, अंग कोमट लागेल, झोपतील जास्त. ते चालतं. तोंड सुजलं, धाप लागली, तर लगेच आणायचं. असं फार कमी वेळा होतं. आणि नीट ऐका, ही पहिली. तीन आठवड्यांनी दुसरी. दुसरी होईपर्यंत यांना घराबाहेर काढायचं नाही, दुसऱ्या मांजराजवळ न्यायचं नाही."

नजीरानं ऐकलं. सगळं ऐकलं आणि मानही हलवली. पण तिच्या डाव्या दंडावर लहानपणीच्या लशीचा गोल वण होता. शाळेत रांगेत उभं करून टोचलं होतं, एकदाच; आणि ते एकदाचं टोचणं तिला जन्मभर पुरलं होतं. तिच्या मनात लस म्हणजे तो वण. पडला की पडला.

दुसऱ्या दिवशी सरकी झोळीत मुटकुळं करून पडली होती, अंग कोमट. बोंडूला मात्र कशाचा पत्ता नव्हता. तो दिलदारच्या कापूस पिंजायच्या जुन्या धनुकलीच्या तातीला लोंबकळत होता. नजीरानं त्याला उचललं आणि पदरात घातलं.

"कुठं चाललीस?"

"राहिलेली घरं करून येतो. दोन घरं आन् मग आपलं सातवं. सरकीला बरं न्हाई, तिला मागनं नेतो."

"अगं, डॉक्टरीन काय म्हणली?"

"टोचलंय की आता! इतके दिस नेलं का मी? टोचायचीच वाट बघत हुतो." मग जरा हळू आवाजात ती म्हणाली, "आईनं करायचं राहिलंय वो. आता कुणी करायचं?"

दिलदारनं सुईत दोरा ओवायला घेतला.

पाचवं घर मीनाबाईचं. मीनाबाई बालवाडीतनं निवृत्त झालेली, एकटी, निळ्या दाराच्या घरात राहणारी. तिचा बोका सम्राट गल्लीतला दांडगा. त्याला बघून कुत्री वाट बदलायची. नजीरानं उंबऱ्यात उभं राहून हाक मारली, "मीनाक्का, पावणं आणलंय बघ!"

मीनाबाई बाहेर आली. पदरातलं पांढरं तोंड बघून तिचा चेहरा क्षणभर कसासाच झाला, मग हसला. "अगं बया, सात घरं काय? ये, ये. लेकरू पयल्यांदा दारात आलंय." तिनं आतून वाटीत दूध आणलं, त्यात साखरेचे चार दाणे टाकले. बोंडूनं वाटीत पुढचे दोन्ही पाय घातले आणि मग दूध प्यायला. पोट भरल्यावर कोपऱ्यातल्या पोत्यावर जाऊन लोळला, पोत्याचे धागे उपसले.

"सम्राट दिसंना तो?" नजीरानं विचारलं.

मीनाबाई भिंतीकडं वळून वाटी उचलत होती. "असंल कुठंतरी. गेलाय भटकायला. बोकाच त्यो."

सहावं घर भाऊसोचं. भाऊसो कारखान्यातनं रिटायर झालेला, आवाज अजून बॉयलरशेजारी उभं राहून बोलल्यासारखा. "या पावणं! च्या घेणार का दूध?" त्यानं बोंडूला तळहातावर उभं केलं. "हेला सुई दिली म्हणं? भाभी, सुई दिली की मांजार उंदीर धरत न्हाय. आमच्या ठमीला मी हातबी लावू देणार न्हाय कुणाला. अंगातली आग जाती तिच्या."

"तुमच्या अंगातली गेली का वो? करोनात दोन घेतल्यासा की."

"म्हणून तर म्हणतोय! तवापास्नं बायकोम्होरं आवाज निघंना!" आतून त्याच्या बायकोचा हसण्याचा आवाज आला.

सातवं घर आपलं. नजीरानं उंबऱ्याला हात लावला आणि बोंडूला आत सोडलं. त्या दिवशी झोळी हलवताना पाचवी ओवी आली, सहावी आली. सातवीही येईल, तिला वाटलं, सरकीची फेरी झाली की.

सरकीच्या फेरीची वेळ आली नाही. आठवडाही गेला नसेल, बोंडूनं दुधाकडं पाठ फिरवली. मग पिवळं ओकला. मग पाण्याच्या ताटलीवर मान टाकून बसला. नाक पाण्याला टेकलेलं, पण पाणी प्यायचा नाही. कुणीतरी त्याला विहिरीच्या काठावर बसवून पाणी प्यायची बंदी केलीय, असा. नजीरा त्याला घेऊन शाहूपुरीला धावली. डॉक्टरनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, सरकीला निराळं ठेवायला सांगितलं.

"बाहेर कुठं नेलं होतं का?"

"न्हाई वो."

ती खोटं बोलली नाही. मीनाबाईचं घर, भाऊसोचं घर म्हणजे बाहेर, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. गल्ली कधी बाहेर असते का?

दोन दिवस रोज नेलं, रोज आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हात त्याला मांडीवर घेऊन ती बसली होती, तेव्हा त्यानं एकदा अंग ताणलं, जसं झोपेतून उठताना ताणायचा, आणि पुन्हा मुटकुळं केलंच नाही.

दिलदारनं दुकानात जाऊन, गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला कापूस काढला, सरकी-काडी नसलेला, ढगासारखा. त्यात बोंडूला गुंडाळलं. कापसात पांढरं अंग कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळेना. घरामागच्या परड्यात डाळिंबाखाली दोघांनी माती सारली.

"सुईनं खाल्लं माझं पोर," नजीरा म्हणाली. माती सारताना पहिल्यांदा म्हणाली, मग जो दारात आला त्याला. "चांगलं खेळत हुतं. टोचलं आन् गेलं." गल्लीला ते पटायला वेळ लागला नाही. दोन आठवड्यांनी, रविवारी डॉक्टर प्रीती समाजमंदिरात येऊन गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांना लस देणार होत्या. तसं त्यांनी कबूल केलं होतं. आता चिमणाबाई म्हणाली, नको गं बाई. गिरणीवाला म्हणाला, आमचं कुत्रं बांधलेलंच असतं, त्याला कशाला? भाऊसो तर चौकात उभा राहून सांगू लागला, "मी म्हणत हुतोच!"

डॉक्टरचा फोन यायचा. नजीरा उचलायची नाही. सरकीच्या दुसऱ्या सुईचा दिवस जवळ येत होता, हे तिला ठाऊक होतं. दिलदारनं एकदा विषय काढला.

"एकटी राहिलीया," नजीरा म्हणाली. "ही बी घालवू म्हणता?"

"न दिऊन गेली तर?"

"तर अल्लानं नेली म्हणीन. मी हातानं न्हाई देणार."

सरकी झोळीत एकटी झोपायची. मधेच उठून झोळीच्या दुसऱ्या बाजूला पंजा टाकून बघायची, तिथं कुणी आहे का. नजीरा झोका द्यायची, पण ओवी म्हणायची नाही.

मग एका सकाळी मीनाबाई आली. दुकानाच्या पायरीवरच बसली. नजीरा जुन्या गादीतला कापूस उपसत होती, आत ये म्हणाली, तरी आली नाही.

"भाभी, एक सांगायचंय. कधीचं सांगायचंय."

"सांग की."

"सम्राट भटकायला गेला नव्हता." मीनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परड्यात हाय त्यो, कढीपत्त्याखाली. तू बोंडूला घिऊन आलीस त्याच्या आदल्या आठवड्यात गेला. मला वाटलं, कुणी विष घातलं. पिवळं ओकायचा. पाण्यावर मान टाकून बसायचा, पर घोट घ्यायचा न्हाई. काल गिरणीवाल्याची बायको बोंडूचं सांगत हुती, कसा बसायचा ते. तवापास्नं झोप न्हाई मला."

नजीराचा हात कापसात तसाच राहिला.

"मग तवा का न्हाई बोललीस?"

"कसं बोलू? लेकरू पयल्यांदा उंबऱ्यात आलेलं. तू हौसेनं पदरात घिऊन उभी. त्याच्याम्होरं मयताचं नाव काढू?"

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, ट्रॅक्टरवरच्या गाण्याच्या आवाजासकट.

"वाटी?" नजीरानं विचारलं.

"त्याचीच. धुतली हुती गं मी, राखेनं घासली हुती."

"पोतं?"

मीनाबाईनं पदर डोळ्यांना लावला.

इतके दिवस नजीरानं आपला सगळा राग त्या केसाएवढ्या सुईवर ठेवला होता. आता तो तिथून उचलावा लागत होता, आणि ठेवायला घरात दुसरी जागा सापडत नव्हती. मीनाबाईवर ठेवावा, तर ती पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडत होती. तिनं तर लेकराचं शुभ बघितलं होतं. आपणही तेच बघितलं होतं. नजीरानं पदर पुढं ओढला आणि मांडीवर पसरून बघत राहिली. याच पदरातनं नेलं होतं.

"ऊठ मीनाक्का," शेवटी ती म्हणाली. "थंड दगडावर बसू नगंस."

दवाखान्यात तिनं आपणहून सांगितलं, सात घरांपासून पोत्यापर्यंत. टोपलीत सरकी होती. मात्र टोपलीवर नजीराचे दोन्ही हात अजून होते.

"सरकी का राहिली वो मग? एकाच झोळीत हुती दोघं."

"लस अंगात रुजायला दिवस लागतात, चाची. बोंडू दुसऱ्याच दिवशी आजाराच्या तोंडी गेला. सरकी घरात होती. बोंडूकडून तिच्यापर्यंत आजार यायला मधे थोडे दिवस गेले, तेवढे तिला मिळाले असावेत."

"सुईनं मलूल झालती, म्हणून नेली न्हाई तिला." नजीरा स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "मी दम धरला असता तर..."

"नक्की वाचला असता, असं मी नाही म्हणणार. ते कुणालाच सांगता येत नाही."

नजीरानं डोळे पुसले. "आन् हिला एकदा दिलीय की. परत कशाला?"

"आईच्या दुधातली राखण पिलाच्या अंगात काही आठवडे उरते. ती आजाराला अडवते, पण लशीलाही अडवते. लस आपलीच आहे, हे तिला ओळखता येत नाही. म्हणून ती राखण ओसरली की पुन्हा द्यायची."

कापशीचं दूध. एवढ्या दिवसांनीही ते लेकराच्या अंगात दाराशी बसलेलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरत. नजीराला हुंदका आवरेना. मग नजीरानं टोपलीवरचे हात काढले, सरकीला उचललं आणि मानगूट अलगद धरली, जिथं आई जबड्यात धरते तिथं.

"द्या," ती म्हणाली. सुई जाताना तिनं डोळे मिटले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा त्या घरांना निघाली. पदर रिकामा होता. चिमणाबाईकडं गेली, गिरणीत गेली, शेजारी गेली. प्रत्येक उंबऱ्यात तेच सांगितलं, "सुईनं न्हाई गेला माझा बोंडू. मीच नेलतं त्याला, न्यायचं नव्हतं तवा. उद्या डॉक्टरीन येणार हाय, तुमची जनावरं आणा." पाचव्या घरी मीनाबाई दारातच उभी होती. तिच्याकडं आणायला काही उरलं नव्हतं. तिनं कडी लावली आणि नजीराबरोबर चालू लागली.

भाऊसोनं सगळं ऐकून घेतलं. नेहमीचा मोठा आवाज त्याला काढता येईना. "भाभी, मी चौकात लई बोललो वो."

"मी सांगितलं म्हणून बोललासा."

"ठमी चावती. डॉक्टरणीला सांगून ठेवा." मग म्हणाला, "पोत्यात घालून आणतो. आन् तिनं उंदीर न्हाई धरलं, तर तिला तुमच्या दुकानात आणून सोडतो."

"सोडा. कापसात उंदरं हाईत लई."

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. दिलदार शेवटच्या गादीला टाके घालत होता. सरकी झोळीतून उतरून उंबऱ्यापाशी आली होती आणि मान उंच करून बाहेरच्या अंधाराचा वास घेत होती. मळीचा, धुळीचा, पलीकडच्या घरांचा.

"चारच घरं बघितलीत हिनं," नजीरा म्हणाली. "आई म्हणायची, असली पोरं टिकत न्हाईत."

दिलदारनं दोरा दातानं तोडला. "बघू की."

सरकीनं एक पंजा उंबऱ्याबाहेर टाकला. नजीरानं तो उचलून आत ठेवला. मग ती खाली बसली, उंबऱ्याला पाठ लावून, सगळा दरवाजा अडवून. सरकी तिच्या पदरात चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. नजीरानं हलक्या आवाजात पहिल्या घरापासून धरलं. सहावं झालं. सातव्याची एकच ओळ आली.

*सातवं माझं घर, तिथं डाळिंबाची गं माती*

दुसरी ओळ आली नाही. तिनं पहिल्यापासून पुन्हा धरली.